घराची डागडुजी : आधी पाणी शोधा, मग रंग लावा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात २६ जानेवारी २०२६ रोजी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे; बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



सचिव मला म्हणाले, "काका, तुम्ही आयुष्यभर बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होता. घराच्या दुरुस्तीवर बोला. लोकांच्या कामाला येईल असं बोला." मग मी वहीत लिहून काढलं की गेल्या वर्ष-दोन वर्षांत जिन्यात, पंपाच्या खोलीजवळ, स्टेशनला जाताना रिक्षात, लोकांनी मला काय काय विचारलं. भिंतीचे पोपडे पडतात. पॅसेजच्या छताला ओल आहे. बाथरूमच्या बाहेरची चौकट फुगली आहे. बाल्कनीच्या बीमला चीर गेली आहे. स्विचबोर्डाला हात लावला की झिणझिण होतं. यादी वाचली आणि लक्षात आलं की दहातल्या आठ तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे पाणी. म्हणून आज मी पाण्यावरच बोलणार आहे. रंग कुठल्या कंपनीचा लावायचा ते दुकानदार सांगेलच.

पण आधी माझी स्वतःची चूक सांगतो. नाहीतर घरी गेल्यावर सौ. म्हणतील, लोकांना शहाणपण शिकवता आणि आपलं विसरता.

२०१२ मध्ये मुलीचा साखरपुडा घरीच करायचा ठरला. पॅसेजच्या छताला ताटाएवढा ओलीचा डाग होता. वरच्या घराच्या बाथरूममधून पाणी येत होतं, हे मला दिसत होतं. पण पाहुणे येणार, वेळ नाही, आणि वरच्यांशी वाद कशाला घाला! मी काय केलं? पीओपीचं छत मारून घेतलं, त्यात दोन दिवे बसवले. पाहुण्यांनी कौतुक केलं. माझ्या डोळ्यांसमोरचा डाग गेला, आणि मीही तो विसरलो. २०१९ च्या पावसाळ्यात एका दुपारी ते पीओपी स्लॅबच्या खपल्यांसकट खाली आलं. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. नातीची तीनचाकी सायकल होती, तिचं हँडल वाकलं. वर बघितलं तर सळ्या उघड्या, आणि एक सळई इतकी गंजलेली की हाताने तुकडा निघाला. सात-आठ हजारांत भागलं असतं त्या कामाला साठ हजारांच्या वर गेले. पैशाचं सोडा. त्या वाकलेल्या हँडलकडे बघून मी दोन रात्री झोपलो नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या इमारतींवर मजुरांना ओरडणारा माणूस, आणि स्वतःच्या घरात ओल झाकून बसलो होतो.

लोखंड का गंजतं

आपल्या नालासोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या काळाशी नाव जोडलेला विटांचा स्तूप आहे. पश्चिमेला बुरुड राजाचा कोट म्हणतात तोच. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरून काढला. मुलांना सहलीला तिथे नेतात तेव्हा ती विचारतात, एवढं जुनं टिकतं, मग आमची इमारत पंचवीस वर्षांत का गळते? त्याचं एक साधं उत्तर असं की त्या विटांच्या पोटात लोखंड नाही. आपल्या बीम, कॉलम आणि स्लॅबच्या पोटात आहे.

चांगलं काँक्रीट लोखंडाला सांभाळतं. सिमेंट हे चुन्यासारखं अल्कधर्मी असतं, त्यात सळई गंजत नाही. पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत राहतो आणि सिमेंटचा तो गुण कमी करत जातो. त्यात पाणी मिळालं, आणि वर मीठ मिळालं, की गंज सुरू झालाच. आपल्याकडे मिठाची काय कमी! एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरं. कित्येक ठिकाणी बोअरचं पाणी खारं. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतं. आत जागा नसते, म्हणून ते काँक्रीटला बाहेर ढकलतं. आधी सळईच्या रेषेत बारीक चीर जाते, मग तांबूस डाग येतो, मग खपली सुटते. आपण त्या खपलीवर सिमेंट थापतो आणि गंज आतल्या आत चालूच राहतो.

इथेच एक सूचना. घरात कुठलंही सिमेंटचं काम निघालं की मिस्त्री खालच्या बोअरच्या नळाला पाइप लावतो. लावू देऊ नका. भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावं. आपल्याला मोजता येत नाही, तर सोपा नियम धरा : जे पाणी आपण पिणार नाही, ते सिमेंटमध्ये घालायचं नाही. दोन पिंपं नळाचं पाणी त्या दिवशी बाजूला काढून ठेवा.

पाणी कुठून येतं ते कसं शोधायचं

पहिली गोष्ट, फोन करून वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावू नका. आधी पेन्सिल घ्या. ओलीच्या कडेने रेघ मारा आणि तारीख लिहा. पंधरा दिवसांनी पुन्हा मारा. ओल वाढते की थांबलेली आहे, हे भिंत स्वतः सांगेल.

ओल फक्त पावसाळ्यात येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा गच्ची तपासा. बारा महिने असेल तर बाथरूम, संडास, मोरी, पाण्याची लाइन.

बारा महिन्यांची ओल असेल तर दोन परीक्षा आहेत. वरच्या घराचा पाण्याचा मुख्य कॉक रात्री बंद करायचा आणि सकाळपर्यंत उघडायचा नाही. ठिबक थांबली तर भिंतीतली पाण्याची लाइन गळते. ठिबक थांबली नाही, तर सांडपाण्याच्या बाजूला बघा. त्यासाठी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवा, लादीवर दोन इंच पाणी भरा, त्यात खायचा रंग टाका आणि चोवीस तास ठेवा. उंबरठा आधी बघा, नाहीतर पाणी हॉलमध्ये येईल. खाली रंगीत ओल आली तर लादीचे सांधे आणि खालचं वॉटरप्रूफिंग गेलं. नाही आली, तर फडकं काढून तेच रंगीत पाणी ट्रॅपमधून सोडा. आता आली तर दोष ट्रॅपचा किंवा पाइपाच्या जोडाचा. ही परीक्षा न करता अख्खं बाथरूम फोडणं म्हणजे दाढ दुखते म्हणून सगळे दात काढण्यासारखं आहे.

ही परीक्षा वरच्या आणि खालच्या घराने मिळून करायची. आपल्या सोसायटीत ओलीवरून दोन घरांत अबोला झाल्याची उदाहरणं आहेत, नावं घेत नाही, दोन्ही घरं इथे बसली आहेत. वरच्या वहिनींना खालची ओल दिसत नाही, त्यांना वाटतं उगाच कटकट करतात. एकदा खाली बोलावून चहा द्या आणि छत दाखवा. अर्धा वाद तिथेच मिटतो.

आता सगळ्या घरांसाठी एक बिनखर्चाचा उपाय. संडास-बाथरूम धुवायला जे पिवळं ॲसिड दारावर विकायला येतं, ते बंद करा. लादी चकाचक होते हे खरं, पण ते ॲसिड लाद्यांच्या सांध्यातलं सिमेंट खातं. सांधे पोकळ झाले की पाणी खाली जायला मोकळं. साबणाची पूड, ब्रश आणि थोडी मेहनत पुरते. वर्षातून एकदा सांधे तपासा, झिजले असतील तर खरवडून नवीन भरा. साध्या पांढऱ्या सिमेंटपेक्षा इपॉक्सी महाग पडतं, पण न्हाणीघरात तेच टिकतं.

दिवाळीचा रंग

आपल्याकडे रंग लावायचा म्हणजे दिवाळीच्या आधी. आता विचार करा, पाऊस सप्टेंबरच्या शेवटापर्यंत, कधी ऑक्टोबरातही पडतो. भिंत चार महिने पाणी प्यायलेली असते. तिच्यावर आपण पुट्टी घासतो आणि रंगाचा जाड थर देतो. आतलं पाणी बाहेर पडताना तो थर फुगवतं, आणि संक्रांतीपर्यंत पोपडे. मग शिव्या रंगाऱ्याला.

क्रम असा ठेवा. पावसाळ्यात ओल बघायची आणि खुणा करायच्या. गळतीचं काम थंडी-उन्हाळ्यात. त्यानंतर भिंत सुकू द्यायची. सुकली का बघायला हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दोन दिवसांनी काढा. आतल्या बाजूला घाम आला असेल तर भिंत अजून ओली आहे. नसेल तर मग पुट्टी आणि रंग. दिवाळीला घर रंगलेलं हवंच असेल, तर कोरड्या भिंती रंगवा आणि ओली भिंत तशीच ठेवा. पाहुणे फराळ खायला येतात, भिंत बघायला नाही. हे मला २०१२ मध्ये कोणी सांगायला हवं होतं!

कोणत्या चिरेला घाबरायचं

प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक, कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा बहुतेक वेळा वरवरच्या असतात. विटांची भिंत आणि बीम जिथे मिळतात तिथली सरळ आडवी चीरही पुष्कळ घरांत असते. दोन्ही वस्तू उन्हाने सारख्या फुगत नाहीत, म्हणून ती जाते.

घाबरायचं कशाला? कॉलमला उभी चीर, बीमच्या खालच्या कडेने लांब चीर, चिरेतून तांबूस पाणी, ठोकल्यावर पोकळ बद्द आवाज, आणि काल नीट लागणारं दार आज अचानक अडकणं. यातलं काही दिसलं तर मिस्त्रीला नाही, सचिवांना सांगा, आणि सचिवांनी इंजिनिअरला बोलवायचं. अशा ठिकाणी आधी टेकू, मग तोडफोड. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचं, गंज तारेच्या ब्रशने लख्ख घासायचा, सळई फार झिजली असेल तर इंजिनिअर सांगेल तशी नवीन जोडायची, गंजरोधक लावायचं आणि मगच पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरायचं. गंजावर नुसतं प्लास्टर मारून घेणं म्हणजे माझं पीओपी.

दुसरं, घर सुधारताना वजन वाढवू नका. जुनी लादी काढायला कंटाळा म्हणून तिच्यावरच नवी टाकतात. एक इंच मसाला आणि लादी मिळून चौरस मीटरला सत्तर किलोच्या आसपास भार येतो. चारशे चौरस फुटांच्या घरात तो अडीच टनांच्या घरात जातो. म्हणजे हॉलमध्ये दोन-अडीच मोटारी आणून उभ्या केल्यासारखंच. बाल्कनी विटांनी बंद करणं, ग्रिलवर मातीच्या कुंड्यांची रांग, मोरीची जागा हलवणं, पाइप जावा म्हणून बीमला भोक पाडणं, हे सगळं त्यातलंच. कॉलम-बीमला छिन्नी लावणाऱ्याचं काम त्याच क्षणी थांबवा, मग तो कितीही जवळचा असो.

ओल आणि वीज

ओल्या भिंतीवरच्या बोर्डाला झिणझिण होणं ही गंमत नाही. मेन स्विच बंद करा आणि परवान्याचा वायरमन बोलवा. प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. त्यावर चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबा, खटका खाली पडला पाहिजे. २,००० वॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो, तो लहान प्लगला जोडू नका. खाऱ्या, जड पाण्याने गीझरच्या आत क्षार साठतात, दीड-दोन वर्षांनी तो उघडून साफ करून घ्या. आणि भिंतीत खिळा मारताना बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली मारू नका, वायर तिथूनच गेलेली असते.

जुलै २०१८ कोणी विसरलं नसेल. रुळांवर पाणी, लोकल बंद, घरात वीज नाही. आपल्या मीटरच्या पेट्या अजून तळमजल्यावर कमी उंचीवर आहेत. त्या वर घ्यायचा विषय पावसाआधी मार्गी लागावा, ही माझी कार्यकारिणीला विनंती.

पैसे कोणाचे

हा प्रश्न आला की सभा तापते. आदर्श उपविधी वाचा, त्यात बरंच स्पष्ट आहे. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनी, पावसाची गळती, स्लॅबची संरचनात्मक दुरुस्ती हा सोसायटीचा खर्च. घरातल्या संडास, सिंक वगैरेंतून होणारी अंतर्गत गळती हा त्या सभासदाचा खर्च. म्हणून तर परीक्षा आधी आणि भांडण नंतर. परीक्षा नीट झाली की भांडायला फारसं उरतच नाही.

कंत्राट देताना कामाची यादी लेखी घ्या : कुठे, किती फूट, कोणता माल. आणि शेवटचे दहा टक्के पैसे एक पावसाळा गेल्यावर देण्याचं आधीच ठरवा. कागदावरच्या हमीपेक्षा आपल्या हातात राहिलेले पैसे जास्त कामाचे.

शेवटचं आणि महत्त्वाचं

आता माझी दुसरी चूक. उपविधीप्रमाणे इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. २०१७ मध्ये हा विषय सभेत आला तेव्हा मी खजिनदार होतो. मी उठून म्हणालो, "इमारत ठणठणीत आहे, एवढा खर्च कशाला? त्यापेक्षा बाहेरून रंग काढू." टाळ्या पडल्या. आपण रंग काढला. सोसायटीच्या पातळीवर मी तेच केलं जे घरात केलं होतं. आज पंचविशी झाली, आणि आपलं एकही ऑडिट झालेलं नाही.

गेल्या वर्षी २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थीच्या मध्यरात्री, आपल्यापासून एका स्टेशनवर विरारच्या विजय नगरमध्ये रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला. १७ माणसं गेली. ती इमारत आपल्या इमारतीपेक्षा नवी होती. ती अनधिकृत होती, आपली गोष्ट वेगळी आहे, असं कोणी म्हणेल. असेल वेगळी. पण कागदपत्रं व्यवस्थित आहेत म्हणून सळई गंजायची थांबत नाही. त्या सकाळी आपल्या मांडवात आरती चालू असताना मी बाप्पाकडे कमी आणि पार्किंगमधल्या कॉलमकडे जास्त बघत होतो. तुमच्यातलेही काही जण बघत होते.

ऑडिट म्हणजे इमारत पाडा असं सांगणारा कागद नव्हे. इंजिनिअर घरोघरी येतो, हातोडीने ठोकून बघतो, रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिक यंत्राने काँक्रीट तपासतो, आणि सांगतो की हे आत्ता करा, हे दोन वर्षांत करा, याला काही झालेलं नाही. तो आला की त्याला पीओपीच्या वरची, कपाटामागची, माळ्यावरची सगळी जागा दाखवा. डॉक्टरकडे जाऊन दुखणं लपवायचं नसतं.

पुढच्या महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा आहे आणि ऑडिटचा ठराव तिच्या विषयपत्रिकेवर आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो. म्हणजे आपल्याकडे जेमतेम साडेचार महिने आहेत. या वेळी विरोधात बोलायला मी उठणार नाही. अनुमोदक म्हणून माझं नाव सचिवांनी आधीच लिहून घेतलं आहे. सूचक तुमच्यातला कोणीतरी तरुण असावा. आणखी पंचवीस वर्षं इथे राहायचं आहे ते तुम्हाला आणि तुमच्या मुलांना.

आज घरी गेल्यावर एक काम करा. टॉर्च घ्या आणि बाथरूमच्या खालचं, बाल्कनीच्या खालचं, माळ्यावरचं छत बघा. डाग असेल तर पेन्सिलने रेघ मारून २६ जानेवारी अशी तारीख घाला. झाकू नका. काही शंका असेल तर मी संध्याकाळी खाली बाकावर असतोच.

समोसे आले आहेत, मुलांनी मघाशीच खूण केली. सोसायटीला रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सव याच इमारतीत, याच गच्चीखाली व्हावा, एवढीच इच्छा.

जय हिंद, जय महाराष्ट्र!